टीम निघून गेली, मॅचेस बंद झाल्या, तरी म्युनिकचं हे स्टेडियम ओस का पडलं नाही?

जुलै 2024. जर्मनीतल्या म्युनिक शहरात टेलर स्विफ्टचे सलग दोन दिवस कार्यक्रम होते. स्टेडियम खच्चून भरलेलं होतं. पण त्या दोन दिवसांतले जगभर व्हायरल झालेले फोटो स्टेडियमच्या आतले नव्हते, बाहेरचे होते. स्टेडियमसमोरच्या हिरव्या टेकडीवर चाळीस हजारांहून जास्त लोक चादरी अंथरून, डबे उघडून फुकटात कार्यक्रम ऐकत बसले होते. त्यांना कोणी हाकललं नाही.

अनेकांना वाटलं की ही टेलर स्विफ्टची जादू. पण त्या टेकडीवर बसून गाणी ऐकणं ही म्युनिककरांची जुनीच सवय आहे. ती टेकडी, तिच्या पायथ्याचा तलाव आणि शेजारचं स्टेडियम हे सगळं 1972 च्या ऑलिंपिकसाठी एकत्र आखलेलं आहे.

ऑलिंपिक संपलं की स्टेडियमचं काय होतं, हे अथेन्सने दाखवून दिलंय. 2004 च्या ऑलिंपिकसाठी तिथे उभारलेल्या कितीतरी जागा पुढे वर्षानुवर्षं धूळ खात पडल्या. म्युनिकच्या स्टेडियममधून तर 2005 साली बायर्न म्युनिकसारखी मोठी फुटबॉल टीमही निघून गेली. तरीही हा परिसर आजही माणसांनी गजबजलेला असतो. असं का झालं, ते समजून घेण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ढिगाऱ्याची टेकडी

आज जिथे ऑलिंपिक पार्क आहे, त्या भागाचं नाव ओबरवीझनफेल्ड. इथे आधी लष्कराचं मैदान होतं, नंतर विमानतळ झाला. सप्टेंबर 1938 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन हिटलरशी बोलणी करायला म्युनिकला आले, तेव्हा त्यांचं विमान याच विमानतळावर उतरलं होतं. त्या बोलण्यांतून म्युनिक करार झाला, चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला देण्यात आला आणि वर्षभरात दुसरं महायुद्ध सुरू झालं.

युद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी म्युनिकवर अनेकदा बॉम्ब टाकले आणि शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. युद्ध संपल्यावर प्रश्न आला, पडलेल्या घरांच्या विटा, दगड, माती टाकायची कुठे? शहराच्या उत्तरेला असलेलं हे मोकळं मैदान सोयीचं होतं. ढिगारा साठत गेला आणि त्याची टेकडी झाली.

1966 साली म्युनिकला ऑलिंपिकचा मान मिळाला. तेव्हा हा ढिगारा हलवण्याऐवजी त्यालाच आकार द्यायचं ठरलं. वर माती टाकली, गवत लावलं, झाडं लावली, पायवाटा काढल्या. आज तिला ऑलिंपियाबेर्ग म्हणतात. आजूबाजूच्या जमिनीपासून ती साधारण पंधरा-वीस मजली इमारतीएवढी उंच आहे. आकाश निरभ्र असेल तर वरून आल्प्स पर्वताची रांग दिसते. त्या गवताखाली एका शहराची पडलेली घरं आहेत, हे तिथे बसलेल्या बऱ्याच पर्यटकांच्या गावीही नसतं.

हिरवळीवर चाला!

जर्मनीत याआधीचं उन्हाळी ऑलिंपिक झालं होतं 1936 साली, बर्लिनमध्ये. हिटलरचं ते ऑलिंपिक. दगडी, भव्य, माणसाला त्याचं खुजेपण जाणवून देणारं स्टेडियम आणि लष्करी शिस्त.

म्युनिकला याच्या बरोबर उलटं काहीतरी करून दाखवायचं होतं. आताची जर्मनी वेगळी आहे, मोकळी आहे, हे जगाला सांगायचं होतं. डिझायनर ओटल आयशर यांनी ऑलिंपिकचे रंग ठरवताना आकाशी आणि हिरव्या रंगांवर भर दिला. नाझींची आठवण करून देणारा भडक लाल रंग बाजूला ठेवला. वाल्डी नावाचा रंगीबेरंगी डॅशहुंड कुत्रा मॅस्कॉट झाला. उन्हाळी ऑलिंपिकचा हा पहिला अधिकृत मॅस्कॉट.

स्टेडियमचं काम मिळालं वास्तुरचनाकार ग्युंटर बेनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्यांनी स्टेडियम उंच चढवलं नाही. त्याचा मोठा भाग जमिनीत खोल बसवला. त्यामुळे पार्कातून चालत येताना समोर अंगावर येणारी भिंत लागत नाही. हिरव्या उतारावरून चालता चालता अचानक पायाखाली वाटीसारखं मैदान दिसू लागतं.

वरचं छत तर कोळ्याच्या जाळ्यासारखं आहे. उंच खांब, त्यांना लटकवलेल्या पोलादी तारांचं जाळं आणि त्यावर ॲक्रिलिकचे पारदर्शक पत्रे. स्टेडियमची एक बाजू, शेजारचा हॉल आणि स्विमिंग पूल या सगळ्यांवर मिळून जवळपास 75 हजार चौरस मीटरचं हे छत पसरलं आहे. ते पारदर्शक ठेवण्यामागे टीव्हीचंही कारण होतं. रंगीत प्रक्षेपणाचे ते सुरुवातीचे दिवस होते आणि मैदानावर छताची गडद सावली पडली असती तर चित्र खराब दिसलं असतं. छताचा खर्च मात्र मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला आणि त्यावरून टीकाही झाली. या छताच्या कामात महत्त्वाचा वाटा असलेले फ्राय ओटो यांना 2015 साली वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

पण या जागेचं नशीब बदललं ते बागेच्या आखणीने. ती केली ग्युंटर ग्झिमेक यांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं, बाग बघण्यासाठी नसते, वापरण्यासाठी असते. लोकांनी गवतावर चालावं, खेळावं, लोळावं, फुलं तोडावीशी वाटली तर तोडावीत. ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी वाचत लहानाचे मोठे झालेल्या आपल्याला याचं महत्त्व लगेच कळेल.

5 सप्टेंबर 1972

26 ऑगस्ट 1972 रोजी खेळ सुरू झाले. अमेरिकेच्या मार्क स्पिट्झने पोहण्यात सात सुवर्णपदकं जिंकली. जर्मनीची अवघ्या सोळा वर्षांची उलरिके मायफार्थ उंच उडीत सोनं घेऊन गेली. भारताच्या हॉकी संघाने कांस्यपदक मिळवलं.

वातावरण मोकळं राहावं म्हणून सुरक्षाही मुद्दाम सौम्य ठेवली होती. रक्षकांचे गणवेश फिकट निळे होते आणि त्यांच्याकडे बंदुका नव्हत्या.

5 सप्टेंबरच्या पहाटे ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी संघटनेचे आठ हल्लेखोर कुंपण ओलांडून खेळाडूंच्या वसाहतीत शिरले आणि कॉनोलीश्ट्रासे 31 या इमारतीत राहणाऱ्या इस्रायली पथकावर त्यांनी हल्ला केला. दोघांना तिथेच मारलं, नऊ जणांना ओलीस धरलं. रात्री फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर ओलिसांना सोडवण्याचा पोलिसांचा प्रयत्न फसला. इस्रायली पथकातले एकूण अकरा जण आणि एक जर्मन पोलीस अधिकारी मारले गेले. दुसऱ्या दिवशी याच स्टेडियममध्ये शोकसभा झाली. त्यानंतर खेळ पुन्हा सुरू करण्यात आले आणि त्या निर्णयावर आजही वाद होतो.

या घटनेचं नीट स्मारक व्हायला मात्र फार वर्षं गेली. मारल्या गेलेल्या प्रत्येकाची ओळख सांगणारं स्मारक पार्कमध्ये उघडलं ते सप्टेंबर 2017 मध्ये. तेही उंच खांब किंवा पुतळा नाही. गवताच्या एका उंचवट्याचा भाग कापून काढलाय आणि त्या पोकळीत उभं राहून तुम्ही बारा माणसांच्या आयुष्यांविषयी वाचता. पार्कला भेट देणार असाल तर ही जागा चुकवू नका.

पेठचा जलतरणपटू आणि विकलेले फ्लॅट

या वसाहतीचा महाराष्ट्राशी एक संबंध आहे. भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं ते सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावच्या मुरलीकांत पेटकर यांनी. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या जवानाने 1972 साली 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये हे पदक जिंकलं. ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा त्यांच्यावरचाच.

पण पेटकर म्युनिकमध्ये पोहले नाहीत. ती स्पर्धा झाली हायडेलबर्गमध्ये, म्हणजे तिथून सुमारे तीनशे किलोमीटरवर. कारण म्युनिकमधली खेळाडूंची वसाहत ऑलिंपिकनंतर लगेच खासगी फ्लॅट म्हणून लोकांना द्यायची होती. अपंग खेळाडूंसाठी त्यात आवश्यक ते बदल करायला वेळच ठेवला नव्हता. मोकळेपणाचा गाजावाजा झालेल्या त्या ऑलिंपिकची ही दुसरी बाजू.

फ्लॅट्समध्ये पुढे कुटुंबं राहायला आली. महिला खेळाडूंच्या छोट्या बंगल्यांच्या जागी आज विद्यार्थी राहतात आणि आपापल्या घरांच्या भिंती हव्या तशा रंगवतात.

टीम गेली, पार्क राहिलं

1974 साली याच मैदानावर फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल झाली. पश्चिम जर्मनीने नेदरलँड्सला 2-1 ने हरवलं. 1988 च्या युरो कपच्या फायनलमध्ये मार्को व्हान बास्टेनने सोव्हिएत संघाविरुद्ध मारलेला गोल आजही रील्समध्ये फिरत असतो, तोही इथलाच.

पण फुटबॉलवेड्यांची या स्टेडियमबद्दल तक्रार होती. धावण्याच्या ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब बसतात आणि छत एकाच बाजूला असल्यामुळे बाकीचे पावसात भिजतात. स्टेडियम आतून पाडून नव्याने बांधायच्या योजना निघाल्या. शेवटी 2001 मध्ये म्युनिककरांनी मतदान करून शहराच्या दुसऱ्या भागात नवं स्टेडियम बांधायला मंजुरी दिली. 2005 मध्ये बायर्न म्युनिकने तिकडे मुक्काम हलवला आणि जुनं स्टेडियम वाचलं.

ते रिकामं पडलं नाही, कारण पार्कात येणारी माणसं फक्त मॅचसाठी येतच नव्हती. कोणी पळायला येतं, कोणी मुलांना घेऊन तलावाकाठी बसतं, हिवाळ्यात टेकडीवरून पोरं बर्फात घसरतात. मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं जिंकली त्या पूलमध्ये आज कोणीही तिकीट काढून पोहू शकतं.

शहराचं मनही मोठं. ऑलिंपिकच्या आधीपासून या मैदानाच्या कडेला तिमोफेई नावाचा एक रशियन साधू राहत होता. युद्धाच्या ढिगाऱ्यातल्या विटा-दगड वेचून त्याने विनापरवाना एक छोटं चर्च बांधलं होतं. आतलं छत चॉकलेटच्या चंदेरी कागदांनी मढवलं होतं. ऑलिंपिकसाठी घोडेस्वारीचं मैदान तिथे येणार होतं. लोकांनी विरोध केला, मैदान दुसरीकडे गेलं आणि तिमोफेई तिथेच राहिले. 2004 मध्ये त्यांचं निधन झालं. 2023 मध्ये आग लागून ते चर्च जळालं, तेव्हा म्युनिककर हळहळले.

जायचं असेल तर

शहराच्या मध्यावरच्या मारीनप्लात्झ चौकातून यू-3 ही मेट्रो पकडायची आणि ऑलिंपियात्सेंट्रुम स्टेशनवर उतरायचं. दहा-बारा मिनिटांचा प्रवास. ही मेट्रोही 1972 च्या ऑलिंपिकसाठीच सुरू झाली होती. स्टेशनच्या एका बाजूला बीएमडब्ल्यूची चार सिलिंडरच्या आकाराची इमारत, दुसऱ्या बाजूला पार्क.

पार्कला तिकीट नाही. पसारा सुमारे 85 हेक्टरचा, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कच्या साधारण सातपट, त्यामुळे निम्मा दिवस हाताशी ठेवावा. आधी वसाहत आणि स्मारक, मग तलावाकाठून स्टेडियम, आणि ऊन उतरल्यावर टेकडी, असा क्रम सोयीचा पडतो. स्टेडियम आतून बघायला तिकीट लागतं. जुन्या बांधकामांची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने चालते. 291 मीटर उंचीचा ऑलिंपिक टॉवर 2024 पासून त्यासाठीच बंद करण्यात आला. म्हणून निघण्याआधी काय सुरू आहे आणि काय बंद, हे पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या.

ऑक्टोबर 2025 मध्ये म्युनिकमध्ये पुन्हा मतदान झालं. प्रश्न होता, शहराने परत एकदा ऑलिंपिकसाठी दावा करावा का? सुमारे दोन तृतीयांश मतं ‘हो’च्या बाजूने पडली. जगातली अनेक शहरं खर्चाच्या धास्तीने ऑलिंपिकला नकार देत असताना म्युनिकने होकार दिला.

त्यामागे हे पार्क मोठं कारण आहे. इथल्या लोकांना ऑलिंपिक म्हटलं की बंद गेटाआडचं काँक्रीट आठवत नाही. त्यांना जिच्यावर लहानपणी घसरगुंडी खेळले, ती टेकडी आठवते. भारतही 2036 च्या ऑलिंपिकसाठी तयारी दाखवतोय. स्टेडियम किती हजारांचं असेल, याची चर्चा आपल्याकडे होईलच. खेळ संपल्यानंतरच्या सोमवारी त्याच्या अंगणात कोणाला फिरता येईल, हा प्रश्न म्युनिकने मात्र बांधकामाच्या आधीच विचारला होता.