जायबंदी खेळाडू संघात घ्यावा का?

आमच्या एका वाचकांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. त्याच्या ऑफिसातील मंडळी दरवर्षी मार्च महिन्यात एक खेळ मांडतात. बेसबॉलच्या खऱ्याखुऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आळीपाळीने एकेक नाव उचलायचे आणि आपला कागदावरचा संघ तयार करायचा. पुढे सहा महिने ते खेळाडू प्रत्यक्ष मैदानावर जशी कामगिरी करतील, तसे गुण या कागदी संघाला मिळत जातात. याला तिकडे 'फँटसी बेसबॉल' म्हणतात. डॅनियल ऑक्रेंट या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी १९८० साली न्यूयॉर्कमध्ये याची आजची रीत घालून दिली. या मुलाने वडिलांमार्फत विचारले आहे, "नावाजलेला खेळाडू शेवटच्या फेऱ्यांपर्यंत शिल्लक राहतो, कारण तो जायबंदी आहे. डॉक्टर, असा खेळाडू घ्यावा का?"

प्रश्न वरवर करमणुकीचा वाटेल. पण दिवाळीनंतर कबड्डीचे आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू झाले की आपल्याकडच्या प्रत्येक मंडळापुढे हाच प्रश्न उभा राहतो. चढाईत तरबेज असलेल्या मुलाचा गुडघा गेल्या मोसमात दुखावलेला असतो. तो म्हणतो, मी ठणठणीत आहे. कप्तानाला त्याच्यावाचून करमत नाही. अशा वेळी विचार कसा करावा, ते आज पाहू. अमेरिकेतील कागदी संघ असो की आपला मातीतला, स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

प्रश्न पहिला : नेमके काय दुखावले आहे?

'पायाला लागले आहे' एवढ्यावरून काहीच कळत नाही. स्नायू, लिगामेंट आणि हाड यांची भरून येण्याची गती निरनिराळी असते.

स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून ते लवकर भरतात. मांडीच्या मागचा स्नायू किंचित ताणला गेला असेल तर एक ते तीन आठवडे, अर्धवट फाटला असेल तर महिना-दोन महिने, आणि पूर्ण तुटला असेल तर तीन महिने किंवा अधिक लागतात.

लिगामेंट म्हणजे सांध्यातील दोन हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा. हा पूर्ण तुटला तर पुष्कळदा आपोआप जुळत नाही. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला 'पिचर' म्हणतात. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चेंडू फेकताना त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर विलक्षण ताण येतो. १९७४ साली टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचे हे लिगामेंट तुटले. तोपर्यंत अशा दुखापतीनंतर कारकीर्द संपल्यात जमा असे. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातील स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. १९७५ चा संपूर्ण मोसम टॉमी जॉन खेळला नाही. १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ विजय या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. मात्र तंत्र सुधारले तरी पिचरला पूर्ववत व्हायला आजही साधारण बारा ते अठरा महिने लागतात. सप्टेंबरात शस्त्रक्रिया झालेला पिचर पुढच्या उन्हाळ्यात कामाला येईल, ही आशा करू नये.

हाडाची गोष्ट आणखी वेगळी. एका फटक्यात मोडलेले हाड सर्वांना कळते. पण सतत ताण पडून हाडाला बारीक चीर पडते, ती साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला अशी चीर पडते, आणि ती सांधायला कित्येक महिने विश्रांती लागते.

प्रश्न दुसरा : दुखावलेल्या भागाचे त्याच्या खेळात काम काय?

तीच दुखापत एकाला घरी बसवते आणि दुसऱ्याला खेळू देते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे जपानचा शोहेई ओहतानी. हा चेंडू फेकतोही आणि फलंदाजीही करतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या उजव्या कोपराचे लिगामेंट फाटले आणि सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. तरीही त्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने त्याच्याशी दहा वर्षांसाठी सत्तर कोटी डॉलरचा करार केला. २०२४ च्या मोसमात त्याने एकही चेंडू फेकला नाही. पण फलंदाज म्हणून ५४ होमरन मारले आणि ५९ वेळा धावत जाऊन पुढचा तळ चोरला. एकाच मोसमात दोन्ही आकडे पन्नासावर नेणारा तो पहिलाच खेळाडू. चेंडू फेकायला तो पुन्हा उभा राहिला तो जून २०२५ मध्ये.

आपल्याकडेही असेच पाहावे. उजव्या हाताच्या करंगळीचे हाड मोडलेला यष्टिरक्षक निरुपयोगी, पण तेवढ्याच दुखापतीने धावपटूचे फारसे अडत नाही. उलट गुडघा सैल झालेला मुलगा सरळ रेषेत धावू शकेल, परंतु चढाई करताना झटकन वळणे त्याला जमणार नाही. कबड्डीत तर तेच मुख्य काम.

प्रश्न तिसरा : ही पहिली वेळ की पुन्हा तेच?

दुखापत होण्याची शक्यता वाढवणारी कारणे अनेक आहेत, पण त्यांत अग्रभागी आहे ती पूर्वी झालेली दुखापत. भरून आलेला स्नायू व्रणामुळे पूर्वीइतका लवचीक राहत नाही. शिवाय दुखरा भाग सांभाळण्याच्या नादात भार दुसरीकडे पडतो आणि नवे दुखणे उभे राहते.

स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरची कोपराची शस्त्रक्रिया २०१० मध्ये झाली होती. पुढे त्याने नाव काढले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला सात वर्षांसाठी साडेचोवीस कोटी डॉलरचा करार मिळाला. त्यानंतर एकामागून एक दुखणी निघाली आणि तो अवघे आठ सामने खेळू शकला. आपल्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात जोफ्रा आर्चरला आठ कोटी रुपयांना घेतले. त्या वर्षी तो खेळणार नाही, हे माहीत असूनच घेतले. पण कोपर, मग पाठ, मग पुन्हा कोपर असे सुरू राहिले. २०२३ मध्ये तो पाच सामने खेळला, दोन बळी मिळाले, आणि संघाने त्याला मोकळे केले.

याचा अर्थ दुसऱ्यांदा दुखावलेला प्रत्येक जण संपला, असा नव्हे. जेकब डिग्रॉम या पिचरच्या कोपरावर २०२३ मध्ये हीच शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा झाली. त्याने पुरेसा काळ घेतला आणि २०२५ च्या मोसमात सुरुवातीचा पिचर म्हणून तीस सामने खेळला. आर्चरही २०२५ मध्ये चार वर्षांच्या खंडानंतर कसोटी खेळला.

प्रश्न चौथा : दुखणे थांबले आहे की दुखापत भरली आहे?

सर्वांत जास्त फसगत होते ती येथे. दुखणे आधी थांबते, भरून यायला नंतर बराच काळ लागतो. गुडघ्यातील पुढच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेला तरुण तीन-चार महिन्यांत पळू लागतो आणि स्वतःला बरा समजतो. आत बसवलेला स्नायुबंध मात्र तेव्हा कच्चाच असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे व अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की, नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवावे, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण निम्म्याने उतरते. म्हणून नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये.

जसप्रीत बुमराहचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये पाठीच्या दुखण्यातून तो परतला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन सामने खेळला आणि पुन्हा बाहेर गेला. त्या वर्षीचा टी-२० विश्वचषक हुकला. मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ऑगस्टपर्यंत विश्रांती व सराव झाला, आणि २०२४ च्या टी-२० विश्वचषकात तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कागदावरच्या संघापुरते उत्तर

अमेरिकेतील आपल्या वाचकपुत्राने आता पुढीलप्रमाणे ठरवावे. तिकडे जायबंदी खेळाडूंची अधिकृत यादी असते. फलंदाजांसाठी दहा दिवसांची, पिचरसाठी पंधरा दिवसांची आणि मोठ्या दुखापतीसाठी साठ दिवसांची. हे आकडे 'किमान इतके दिवस बाहेर' एवढेच सांगतात. तितक्या दिवसांत तो बरा होईल, असे ते आश्वासन नव्हे. अनेक कागदी संघांत जायबंदी खेळाडूसाठी वेगळी जागा राखलेली असते. ती मोकळी असेल, खेळाडू शेवटच्या फेऱ्यांत मिळत असेल आणि दुखापत पहिल्यांदाच झालेली, ठरावीक मुदतीत भरणारी असेल, तर खुशाल घ्यावा. मनगटाचे वा पंजाचे हाड मोडलेला फलंदाज चालेल. त्याच्या फटक्यातील जोर मात्र परतायला थोडा वेळ लागतो. कोपर किंवा खांदा वारंवार दुखणारा पिचर पहिल्या फेऱ्यांत घेऊ नये. खेळाडू पुढच्या वर्षीही ठेवता येत असेल, तर शस्त्रक्रिया झालेला तरुण पिचर स्वस्तात घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

मातीतल्या संघाचा फरक

कागदी संघात तुमचा अंदाज चुकला तर तुमचे चार गुण जातात. तुम्ही नाव उचलले म्हणून त्या खेळाडूच्या कोपराला काही इजा होत नाही. आपल्या तालुक्याच्या सामन्यात मात्र तुम्ही निवडलेला मुलगा दुखऱ्या गुडघ्याने खरोखरच चढाईला जातो. अंदाज तुमचा चुकतो आणि गुडघा त्याचा जातो. तुटलेल्या लिगामेंटवर खेळत राहिल्यास सांध्यातील गादी फाटते, कूर्चा झिजते, आणि चाळिशीच्या आतच संधिवाताचे दुखणे मागे लागते. या मुलांपैकी पुष्कळांना उद्या शेतात राबायचे असते, पोलीस वा सैन्यभरतीला पळायचे असते. दोन-पाच हजारांच्या चषकासाठी एवढी किंमत देऊ नये.

म्हणून मंडळांनी काही पथ्ये पाळावीत. गुडघ्यात 'टक्' असा आवाज होऊन काही तासांत सूज आली असेल, किंवा चालताना गुडघा सटकतो असे मुलगा म्हणत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय त्याला घेऊ नये. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालीश टाळावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पट्टी आणि विश्रांती यांनी सूज आटोक्यात राहते. पुनरागमनापूर्वी त्याने दुखऱ्या पायावर लंगडी घालून दाखवावी. चांगल्या पायाइतकी लांब उडी जमली पाहिजे. त्यानंतर दोन आठवडे पूर्ण सराव करून दुसऱ्या दिवशी सूज येत नसेल, तर विचार करावा. हा निकष डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही.

डोक्याला मार लागून क्षणभर जरी भान हरपले, चक्कर आली वा उलटी झाली, तर त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाही. येथे 'पाहू, करू' नको. आणि सामन्याआधी 'एक सुई मारा, आजचा दिवस निभावू द्या' असा आग्रह घेऊन कोणा डॉक्टरांकडे जाऊ नये. वेदनाशामक सुईने दुखणे झाकले जाते. फाटलेले तसेच राहते आणि ते अधिक फाटत असल्याची सूचना देणारी वेदनाच गप्प होते. उन्हात, घाम गाळत, पुरेसे पाणी न पिता खेळणाऱ्याच्या मूत्रपिंडांनाही अशा औषधांनी अपाय होऊ शकतो.

मोसम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मंडळाने एक साधी वही घालावी. प्रत्येक खेळाडूचे नाव, वय, पूर्वी काय दुखावले, केव्हा, कोणते उपचार झाले आणि डॉक्टरांनी किती काळ विश्रांती सांगितली, एवढे त्यात लिहावे. अठरा वर्षांखालील मुलगा असल्यास पालकांची सही घ्यावी, कारण वाढत्या वयातील हाडांची टोके कोवळी असतात. संघ निवडताना ही वही समोर ठेवावी, आणि एक राखीव खेळाडू आधीपासूनच तयार करावा. राखीव खेळाडू हाताशी असला म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या मुलाला 'या वर्षी थांब' असे सांगणे कप्तानाला जड जात नाही.