कादंबरीचा प्रकार कसा निश्चित करावा? : ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’च्या निमित्ताने

प्रादेशिक, ऐतिहासिक, राजकीय असे कादंबरीचे प्रकार मराठी समीक्षेत रूढ आहेत. मात्र या वर्गीकरणामागे एकच निकष नाही. पहिले नाव स्थळावरून, दुसरे काळावरून, तर तिसरे विषयावरून पडलेले आहे. साहजिकच एकच कृती अनेक प्रकारांत बसते आणि त्यांतील प्रधान प्रकार कोणता, असा पेच निर्माण होतो. विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात दीर्घकाळ कार्य केलेल्या लेखकाची ही कृती आहे. जुरू हा माडिया तरुण तिचा नायक. भामरागडचे अरण्य तिच्यात सर्वत्र व्यापून आहे. म्हणून तिला प्रादेशिक म्हणण्याचा मोह होतो. परंतु श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये (१९५२) प्रदेश व्यक्तीचा स्वभाव घडवितो, तसे येथे घडत नाही. जुरूच्या आयुष्याला वळण मिळते ते अरण्यामुळे नव्हे, तर त्या अरण्यावर सत्ता कोणाची, या प्रश्नामुळे. शिवाय प्रदेश म्हणजे जिल्हा नव्हे. चंद्रपूरलगतचे ऊर्जानगर आणि भामरागड हे दोन्ही भूभाग १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्यात होते; पण वीजकेंद्राच्या वसाहतीचे आणि माडियांच्या पाड्याचे अनुभवविश्व एक नाही.

मग तिला आदिवासी कादंबरी म्हणावे काय? १९७९ मध्ये भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आदिवासींनी लिहिलेले साहित्य आणि आदिवासींविषयीचे साहित्य यांतील भेद दुर्लक्षिता येत नाही. मनोहर हे आदिवासी नाहीत. तथापि लेखक कोण, या प्रश्नाने साहित्याचा प्रवाह ठरतो. कादंबरीचा प्रकार ठरत नाही. या दोहोंची गल्लत टाळणे आवश्यक आहे.

प्रकार ठरतो तो घटनांना कार्यकारणभावाने जोडणाऱ्या तत्त्वावरून. या शीर्षकात ‘नक्षलवादी’ या शब्दाइतकाच ‘जन्म’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एक साधा माणूस टप्प्याटप्प्याने कसा बदलत गेला, हे सांगणे हा कथनाचा हेतू आहे. हा घाट जडणघडणीच्या कादंबरीचा होय. पण तशा कादंबरीत नायकापुढील वाटा सहसा वाढत जातात. जुरूपुढील वाटा एकेक करून बंद होतात, आणि त्या बंद करणारी शक्ती सत्तेची आहे. म्हणून ही जडणघडणीच्या घाटाची राजकीय कादंबरी ठरते.

हा केवळ नावाचा वाद नव्हे. ‘प्रादेशिक’ म्हणून शिकविली, की विद्यार्थी माडियांच्या चालीरीतींची यादी करतो आणि जुरूचा निर्णय स्थानिक रंगात विरून जातो. ‘राजकीय’ म्हणून वाचली, की त्या निर्णयाची कारणे विचारावी लागतात. प्रकार निश्चित करणे म्हणजे कृतीला कोणता प्रश्न विचारावयाचा, हे निश्चित करणे होय.