पंधरा जीबी भरले की…

जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालं, तेव्हा प्रत्येकाला १ जीबी जागा मिळत होती. आज फुकट मिळते १५ जीबी. पण ती एकट्या मेलची नाही. ड्राइव्हवरच्या फायली आणि गूगल फोटोंमधली छायाचित्रंही त्याच कोठारात साठतात. कोठार गच्च भरून तसंच राहिलं तर नवी मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जाते. मुलाखतीचं बोलावणं असं परत गेलं तर केवढ्याला पडेल!

म्हणून आवरायला बसाल तेव्हा आधी जड मेल शोधा. संगणकावर शोधपेटीच्या उजव्या कडेच्या चिन्हावर क्लिक केलं की आकार विचारला जातो. तिथे १० एमबीहून मोठ्या मेल मागवा. लग्नाचे फोटो, स्कॅन केलेली जाडजूड कागदपत्रं वर येतील. हवं ते उतरवून घ्या, उरलेलं पुसा. एकेक जाहिरात पुसत बसण्यापेक्षा हे कितीतरी फलदायी. जाहिरातींचं मूळच तोडावं. ओळखीच्या दुकानाची मेल असेल तर 'अनसबस्क्राइब'. अनोळखी मेलमधल्या लिंकला मात्र हात लावू नये, ती मेल सरळ स्पॅममध्ये टाकावी.

अर्काइव्ह केलेली मेल इनबॉक्समधून नुसती नजरेआड होते, जागा सुटत नाही. पुसलेली मेलही ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते आणि तोवर जागा अडवते. घाई असेल तर ट्रॅश स्वतः रिकामा करा. पण आधी एकदा नीट नजर फिरवा, कारण तिथून गेलेली मेल परत मिळेल असं धरून चालू नका.