खिशातली गाण्यांची कणगी



बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी गेलात, की मोबाइलच्या दुकानात किंवा रस्त्याकडेच्या पथारीवर काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक डबी मांडलेली दिसते. तिला पडदा असतो, चार-सहा कळा असतात आणि कानात घालायची वायर असते. दुकानदार म्हणतो, "घ्या भाऊ, हजार गाणी मावतात, सिनेमासुद्धा दिसतो." म्हातारीला भजने ऐकायला होतील, पोरांची करमणूक होईल, असा विचार करून आपण पैसे काढतो. घरी आल्यावर मात्र कोणाच्या डबीत चित्र दिसत नाही, तर कोणाची डबी दुपारीच गप्प बसते.

बियाणे घेताना आपण पिशवीवरची तारीख वाचतो, दाणा तळहातावर घेऊन बघतो. ही डबीही तशीच पारखून घ्यायला हवी. म्हणून आज तिची नीट ओळख करून घेऊ.

ही डबी आली कोठून?

वाटेत चालताना गाणे ऐकण्याची सोय १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढून घरोघर नेली. त्यात कॅसेट घालावी लागे. कॅसेटच्या दोन्ही बाजू मिळून तासाभराची गाणी होत, आणि फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळत बसावे लागे. १९९८ साली दक्षिण कोरियातून एमपीमॅन नावाचे यंत्र आले. त्यात फीत नव्हती, फिरणारे चाकही नव्हते. गाणी आकड्यांच्या रूपात एका चकतीएवढ्या तुकड्यात साठवलेली होती. पण मावायची जेमतेम आठ-दहा.

२००१ साली अमेरिकेच्या ॲपल कंपनीने आयपॉड आणला, त्यात हजार गाणी मावू लागली. २००५ च्या ऑक्टोबरात त्याच आयपॉडवर चित्रपटही दिसू लागला. पुढे ही सारी कामे मोबाइल करू लागला आणि २०२२ साली ॲपलने आयपॉड बनवणे बंद केले. तरी साध्या डब्या बाजारात राहिल्या. आपल्याकडे सारेगामा कंपनीने २०१७ साली जुन्या रेडिओसारखा दिसणारा 'कारवाँ' काढला, तोही याच कुळातला. हजारो जुनी गाणी त्यात आधीच भरलेली असतात.

एवढे मावते कसे?

मळणीयंत्र चालू असताना शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या बांगड्या वाजल्या, तर त्या आपल्याला ऐकू येतात का? नाही. मोठ्या आवाजाखाली बारीक आवाज झाकला जातो. शास्त्रज्ञांनी हेच हेरले. जो आवाज कानाला कळणारच नाही, तो साठवायचाच कशाला? तो गाळून उरलेले गाणे साठवण्याच्या पद्धतीला एमपी३ म्हणतात. जर्मनीतल्या संशोधकांचा या कामात मोठा वाटा होता. सीडीवर एक मिनिटाच्या गाण्याला सुमारे १० एमबी जागा लागते; एमपी३ मध्ये नेहमीच्या प्रतीला सुमारे १ एमबी पुरते.

आता हिशेब सोपा झाला. पाच मिनिटांचे गाणे म्हणजे ५ एमबी. हजार एमबींचा एक जीबी धरा. ८ जीबीच्या डबीत दीड हजारांच्या आसपास गाणी राहतात. तासाभराचे कीर्तन ६० एमबी घेते, म्हणजे तेवढ्याच जागेत शंभराहून अधिक कीर्तने बसतील. केवळ गाणी आणि भजने ऐकायची असतील, तर १२८ जीबीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. दोन पोती धान्यासाठी कोणी कोठार बांधत नाही.

चित्राची भूक मोठी

चित्राचे मात्र तसे नाही. २००५ च्या त्या आयपॉडचे कंपनीने दिलेले आकडे बघा. ३० जीबीच्या यंत्रात साडेसात हजार गाणी मावत, पण चित्रफिती ७५ तासांच्याच. एकदा चार्ज केल्यावर गाणी १४ तास चालत, चित्र केवळ दोन तास. आणि पडदा होता अडीच इंचांचा! आजच्या स्पष्ट चित्रफिती तर तासाला एक-दोन जीबी सहज खातात. म्हणजे चित्र जागाही खाते आणि बॅटरीही.

दुसरी अडचण याहून फसवी आहे. चित्रफितीच्या नावापुढे एमपी४ लिहिलेले असते आणि डबीच्या खोक्यावरही एमपी४ छापलेले असते, तरी चित्र उमटत नाही. का? एमपी४ हा नुसता पोत्यावरचा छाप आहे. आत ज्वारी आहे की बाजरी, ते छापावरून कळत नाही. चित्र साठवण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येक डबीला त्या सगळ्या उमजत नाहीत. म्हणून घरातली एखादी चित्रफीत कार्डावर घालून सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. दिसली तर घ्या.

कळांची ओळख

खोक्यावर सोयींची लांबलचक यादी असते. त्यांतल्या आपल्या कामाच्या मोजक्याच.

पहिली, कार्डाची खाच. कार्ड काढून दुसरे घालता आले, की जागा वाढते. मात्र अनेक साध्या डब्या ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखत नाहीत, हे आधी विचारा. कार्डातही फसवणूक चालते. वर १२८ छापलेले आणि आत ८ च, असे कार्ड संगणकालाही थाप मारते. पावती घ्या, घरी येऊन कार्ड काठोकाठ भरा आणि शेवटी भरलेली गाणी लावून बघा. ती वाजली नाहीत तर कार्ड खोटे.

दुसरी, एफएम रेडिओ. यात कानातली वायरच एरियलचे काम करते, म्हणून बहुतेक डब्यांत ती जोडल्याशिवाय रेडिओ लागत नाही. डबी बिघडली असे समजू नका.

तिसरी, सोडलेल्या जागेपासून पुन्हा सुरू होण्याची सोय. दोन तासांचे प्रवचन मध्येच थांबवले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून ऐकावे लागले, तर म्हातारी माणसे कंटाळून डबी बाजूला ठेवतात.

चौथी, ए-बी पुनरावृत्ती. गाण्यातल्या दोन जागा ठरवून दिल्या, की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. भजनी मंडळात नवी चाल बसवणाऱ्याला आणि इंग्रजीचे उच्चार घोटवणाऱ्या मुलांना ही फार उपयोगी.

पाचवी, कळा बंद करणारी कळ, म्हणजे खिशात दाबल्या जाऊन गाणी बदलत नाहीत. आणि सहावी, झोपेची वेळ लावण्याची सोय. ऐकता ऐकता डोळा लागला तरी डबी आपोआप बंद होते.

घरात सगळ्यांकडे मोबाइल असेल आणि तो पुरत असेल, तर ही डबी घेऊच नका. पण जिथे रेंज येत नाही अशा मळ्यात, किंवा मोबाइलचा सपाट पडदा ज्यांच्या बोटांना जमत नाही अशा आजी-आजोबांसाठी, साध्या कळांची डबी बरी पडते. त्यातून फोन येत नाही, आणि इंटरनेट नसलेली डबी घेतली तर मुले भलतीकडे भरकटतही नाहीत.

आणखी एक. कार्डात हजार गाणी भरून देतो, असे सांगणारी दुकाने असतात. परवानगी नसताना गाण्यांच्या नकला करून विकणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा कार्डातून संगणकाचा विषाणूही घरात येऊ शकतो.

बॅटरी आणि ऊन

आतली बॅटरी लिथियमची असते. तिला उन्हाचे वावडे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, पत्र्यावर किंवा बंद गाडीत डबी ठेवू नका. उन्हात तापलेली डबी लगेच चार्जिंगलाही लावू नका. महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून सावलीत ठेवा. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर पुन्हा धरत नाही. डबी फुगलेली दिसली, तर ती टोचू-दाबू नका आणि वापरूही नका. चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. आणि निकामी डबी उकिरड्यावर टाकू नका. तेच खत आपण शेतात घालतो. जुनी विद्युत-उपकरणे गोळा करणाऱ्याकडे ती द्या.

कान एकदाच मिळतात

माता-भगिनींनो, हे खास तुमच्यासाठी. मुलगा कानात वायर घालून बसला आहे आणि त्यातला आवाज तुम्हाला हातभर अंतरावरून ऐकू येतो, तर तो आवाज जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलचा मात्र चारच तास. आवाज थोडा वाढवला की वेळ किती झपाट्याने घटते बघा. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आवाज अर्ध्याच्या थोडा वर ठेवावा, तासाभराने कानांना विसावा द्यावा.

आणि रस्त्याने चालताना, ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र चालवताना, रात्री पाणी धरताना कानात वायर नको म्हणजे नको. मागून येणारी गाडी, बैलाचा फुत्कार, यंत्राचा बदललेला आवाज हे ऐकू आले म्हणूनच कित्येकदा जीव वाचतो.

सगळ्यांत मोलाची कळ

शेवटी अशा एका सोयीविषयी सांगतो, जिच्याकडे दुकानात कोणी बघतही नाही. ती म्हणजे आवाज भरून घेण्याची कळ. त्या जगप्रसिद्ध, महागड्या आयपॉडमध्ये २००५ साली ना कार्डाची खाच होती, ना रेडिओ, ना आवाज भरून घ्यायला आतला माइक. आपल्या बाजारातल्या स्वस्त डब्यांत अनेकदा या तिन्ही गोष्टी असतात.

तिचे मोल किती? गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे जाते थांबले. जाते थांबले तशा ओव्याही थांबल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' ही संस्था त्या लोकांपुढे ठेवत आहे. या कामाला कित्येक वर्षे लागली. तरीही यांतल्या काही ओव्यांचाच आवाज मुद्रित झाला. बाकीच्या कागदावर आहेत. कागदावर शब्द राहतात, पण गळा राहत नाही.

तुमच्या घरात अजून कोणाला ओव्या येतात का? पेरणीची, मोटेची गाणी येतात का? आजोबा दुष्काळाच्या, विहीर खणल्याच्या आठवणी सांगतात का? मग ही कळ आजच दाबा. पंखा आणि टीव्ही बंद करा. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो, म्हणून गोधड्या-अंथरुणे असलेल्या खोलीत बसा. डबी तोंडापासून वीतभर अंतरावर, घडी केलेल्या कापडावर ठेवा. प्रथम सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. पहिल्यांदा दोन मिनिटेच भरा, लावून बघा, मग पुढे जा. गाणारीला मध्येच दुरुस्त करू नका. तिला आठवेल तसे म्हणू द्या.

आणि भरलेला आवाज एकाच डबीत ठेवू नका. कार्ड हरवते, कधी आपोआप कोरेही होते. एक नक्कल संगणकात किंवा मोबाइलमध्ये ठेवा, दुसरी परगावच्या लेकीकडे किंवा भावाकडे द्या. घरचे बी आपण एकाच मडक्यात ठेवत नाही, तसेच हे.

सिनेमाची गाणी उद्याही मिळतील, पुढच्या वर्षीही मिळतील. ती साठवणारे पुष्कळ आहेत. तुमच्या आईचा आवाज साठवणारे मात्र तुमच्याशिवाय कोणी नाही. कणगी घ्याल तर तिच्यात आधी घरचे दाणे भरा.