नव्या यकृतात रक्त सोडताना आधी कोणता पाट?

शेताला पाणी देताना निचऱ्याची वाट आधी मोकळी करावी आणि मग वरचे दार उघडावे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. उलट केले तर बांध फुटतो. यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रियेतही असाच क्रम असतो. आपल्यापैकी काही कुटुंबांवर हा प्रसंग येतो आणि "डॉक्टर आत नेमके काय करतात?" असा प्रश्न पडतो. म्हणून ही माहिती.

इतर बहुतेक अवयवांना रक्ताचा एकच पाट असतो, यकृताला दोन. पहिला म्हणजे आतड्यांकडून अन्नरस घेऊन येणारी जाड शीर. डॉक्टर तिला पोर्टल शीर म्हणतात. दुसरा म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त आणणारी बारीक रोहिणी. यकृतात दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त येते. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून येते. परंतु प्राणवायूचा सुमारे अर्धा वाटा रोहिणी देते आणि पित्तनलिकांचे पोषण तर मुख्यतः रोहिणीवरच चालते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दात्याचे यकृत काढल्यावर ते विशिष्ट द्रावणाने धुऊन बर्फात, सुमारे ४ अंशांवर ठेवतात. रुग्णाच्या पोटात ठेवून टाके घालू लागले की ते हळूहळू गरम होते, पण रक्त अजून मिळालेले नसते. ही वेळ जितकी लांबते तितक्या पेशी मरतात. म्हणून रूढ पद्धत अशी: प्रथम रक्त बाहेर नेणारी शीर जोडतात, मग पोर्टल शीर जोडून रक्त सोडतात, त्यानंतर रोहिणी आणि शेवटी पित्तनलिका. पोर्टल शीर जाड असल्याने लवकर शिवून होते. रोहिणी अवघी काही मिलिमीटरची. जिवंत दात्याकडून घेतलेल्या यकृताच्या तुकड्यात तर ती भिंगाखाली शिवावी लागते.

रक्त सोडण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा असतो. यकृतात साचलेले थंड, आम्लयुक्त आणि पोटॅशियमने भरलेले द्रव्य एकदम हृदयाकडे गेले, तर रक्तदाब कोसळतो, नाडी मंदावते. म्हणून यकृत आधी धुऊन घेतात, चिमटे सावकाश सैल करतात आणि भूल देणारे डॉक्टर औषधे तयार ठेवतात. बराच काळ कोरड्या पाटाचे पहिले गढूळ पाणी आपणही बाहेर सोडतो, तसेच हे.

काही शल्यविशारद रोहिणी आधी उघडतात, तर काही दोन्ही एकदम. यात पित्तनलिकांना प्राणवायू लवकर मिळतो, हा लाभ. पण बारीक रोहिणी शिवेपर्यंत सारे यकृत रक्ताविना राहते, हा तोटा. आजवरच्या तुलनांतून कोणताही एक क्रम सर्वांसाठी श्रेष्ठ ठरलेला नाही. शिरा कशा आहेत, हे पाहून शल्यविशारद ठरवतात.

माणसाच्या यकृताचे पहिले प्रत्यारोपण अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली केले. तो रुग्ण वाचला नाही. १९६७ साली त्यांनाच पहिले यश आले. भारतात १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि १९९८ साली दिल्लीत यकृताचे यशस्वी प्रत्यारोपण झाले.

घरच्यांनी काय ध्यानात ठेवावे? पहिल्या काही दिवसांत रोहिणीत गुठळी होऊ शकते, म्हणून डॉक्टर वरचेवर डॉप्लर सोनोग्राफी करून रक्तप्रवाह पाहतात. त्या तपासणीला कंटाळू नये. घरी आल्यावर ताप, डोळे पिवळे होणे, अंगाला खाज किंवा पांढरट शौच दिसल्यास घरगुती काढा देत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बरे वाटले म्हणून औषधेही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पाट नीट वाहतो आहे ना, हे पाहत राहिले तरच पीक हाती येते.