विश्लेषण : असईची लढाई गेममध्ये खेळायची, तर पाऊस का हवा?

मराठ्यांची फौज घेऊन खेळता येणारे युद्धखेळ आज मोबाइल आणि संगणकावर आहेत. मात्र त्यातल्या बहुतेकांमध्ये बर्फ असतो, पावसाळा नसतो. जालना जिल्ह्यातील असईची लढाई सांगते, की पावसाळा वगळला तर इतिहासाचे गणितच चुकते.

भोकरदन आणि जाफराबाद यांच्या दरम्यान, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे छोटे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेचा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याने पराभव केला. कंपनीचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढे वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. कंपनीचे लढाईत उतरलेले नियमित सैनिक साधारण साडेचार हजार होते. समोर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि हजारोंचे घोडदळ होते. हे चित्र केवळ संख्येच्या आधारे गेममध्ये उतरवले, तर मराठ्यांची बाजू घेणारा खेळाडू प्रत्येक वेळी सहज जिंकेल. मग प्रत्यक्षात तसे का झाले नाही?

मराठ्यांच्या मोहिमांचे वेळापत्रक काय होते?

दख्खनमध्ये युद्धाचे वर्ष दसऱ्याला सुरू होत असे. शिवकाळात पावसाळ्यात लष्कर छावणीला परते आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीवर निघे, असे सभासद बखरीवरून कळते. सीमोल्लंघनाच्या प्रथेमागे हा व्यवहार होता. तोवर नद्या उतरलेल्या, वाटा वाळलेल्या आणि खरिपाचे धान्य हाताशी आलेले असे.

जालन्याचा इतिहासही याच वेळापत्रकाला धरून आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी जालन्याची बाजारपेठ लुटली ती नोव्हेंबर १६७९ मध्ये. निजामाविरुद्धच्या मोहिमेत पहिले बाजीराव जालना-सिंदखेड भागात शिरले तेही नोव्हेंबर १७२७ मध्ये. पुढे फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला निजामाची कोंडी झाली, त्यात पाणी आणि रसद तुटणे निर्णायक ठरले.

वेलस्लीने काय वेगळे केले?

त्याने हे वेळापत्रकच उलटे केले. नद्या भरलेल्या असताना मराठ्यांच्या वेगवान घोडदळाच्या हालचालींना लगाम बसतो. ज्याच्याकडे नदी ओलांडायची सोय आहे, त्याच्यासाठी मात्र हाच काळ फायद्याचा, असे त्याचे गणित होते. त्यासाठी कातडे मढवलेल्या टोपलीसारख्या गोल होड्यांची तयारी त्याने ठेवली होती.

६ ऑगस्ट १८०३ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, त्याने युद्ध पुकारले. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला आणि महिनाअखेर फौज गोदावरी ओलांडून औरंगाबादला पोहोचली. सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. २१ सप्टेंबरला बदनापूरला दोघांची भेट झाली. दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला एकत्र हल्ला करायचे ठरले. पण २३ तारखेलाच मराठा फौज अगदी जवळ असल्याचे वेलस्लीला कळले आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता तो पुढे सरकला. तेव्हा दसरा अजून यायचा होता.

नदीच्या पाण्याने लढाई कशी ठरवली?

मराठा फौज केळनेच्या पलीकडे होती. जवळपास दुसरा उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. गावे अशी वसली आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच, हा तर्क खरा ठरला. तिथून नदी ओलांडून तो दोन नद्यांमधील चिंचोळ्या पट्ट्यात शिरला. आता त्याच्या डाव्या बाजूला केळना आणि उजव्या बाजूला जुई होती. त्यामुळे मराठ्यांच्या प्रचंड घोडदळाला दोन्ही बगलांवरून घेरायला मोकळी जागाच उरली नाही.

मराठ्यांच्या कवायती पायदळाने झटपट मोर्चा फिरवला आणि त्यांच्या तोफांनी कंपनीचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार-जखमी केले. तरीही दिवसअखेर ९८ तोफा कंपनीच्या हाती लागल्या.

आता गेम बनवणाऱ्याच्या नजरेतून तीन शक्यता पाहा.

• केळना कोरडी : वाट्टेल तिथून ओलांडता येते. मग नदी बगल राखत नाही आणि मराठा घोडदळ घेराव घालू शकते.

• केळना मध्यम : ठरावीक उतारावरूनच ओलांडता येते. प्रत्यक्षात घडले ते हेच.

• केळनेला पूर : उतार बंद. वेलस्ली अलीकडेच अडकतो, स्टीव्हन्सनची वाट पाहतो किंवा मागे फिरतो.

नकाशा तोच, सैन्य तेच. फक्त पाण्याची पातळी बदलली की निकाल बदलू शकतो.

आजच्या गेममध्ये हवामान असते का?

असते, पण बहुतेकदा युरोपचे. प्रशियात १८२४ मध्ये राइसवित्झने सैनिकी प्रशिक्षणासाठी ‘क्रीगस्पील’ हा नकाशावरचा युद्धखेळ आणला, तिथून आधुनिक युद्धखेळांची परंपरा सुरू होते. १९७० च्या दशकातील ‘द रशियन कॅम्पेन’ या पटावरच्या खेळात चिखल आणि बर्फाचे नियम आहेत. ‘पँझर जनरल’ (१९९४) आणि ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ (२०१६) या संगणकीय खेळांतही पाऊस, चिखल, बर्फ यांचा परिणाम होतो. कारण त्यांच्या केंद्रस्थानी दुसरे महायुद्ध आहे आणि रशियाच्या चिखलाशिवाय व हिवाळ्याशिवाय ते सांगताच येत नाही.

‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये (२००९) मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. मात्र त्यात वर्षाच्या दोनच खेळ्या आहेत, उन्हाळा आणि हिवाळा. ज्या ऋतूभोवती मराठ्यांचे लष्करी वर्ष फिरत होते, त्याला स्वतंत्र खेळीच नाही.

पावसाळा गेममध्ये आणायचा तर कसा?

सर्वांत सोपा मार्ग शेतकऱ्यांकडे आहे : नक्षत्रे. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे, म्हणजे पावसाळ्याच्या नऊ खेळ्या. प्रत्येक नक्षत्राची पावसाची शक्यता वेगळी ठेवता येते.

दुसरा भाग रोजच्या हवामानाचा. निव्वळ फासे टाकले तर आज मुसळधार, उद्या कडक ऊन, परवा पुन्हा मुसळधार असे विचित्र चित्र दिसते. त्याऐवजी उद्याची शक्यता आजच्या स्थितीवर ठरवतात. उदाहरणार्थ, आज पाऊस असेल तर उद्या पावसाची शक्यता १० पैकी ६, आज उघडीप असेल तर १० पैकी ३. याला मार्कोव्ह साखळी म्हणतात. त्यामुळे झड आणि उघडीप दोन्ही खऱ्यासारख्या येतात. नदीची पातळी मागच्या काही दिवसांच्या पावसावरून मोजायची, म्हणजे ऊन पडल्यावरही पूर लगेच ओसरत नाही.

तिसरा भाग परिणामांचा.

• काळी माती : ओली झाली की चाके रुततात. तोफा आणि बैलगाड्यांचा वेग पायदळापेक्षा जास्त घटतो.

• बंदुका : चकमकीच्या बंदुकीतील दारू भिजली की बार फुसका जातो. भाला-तलवारीवर हा परिणाम नाही.

• चारा-पाणी : पावसाळ्यात गवत आणि पाणी मुबलक, एप्रिल-मेमध्ये दोन्हींची टंचाई. म्हणजे पाऊस हा केवळ दंड नाही, तो रसदही देतो.

• दुष्काळ : पाऊस आणि लुटालूट या दोन्हींचा हिशेब मुलखावर राहतो. १८०३-०४ मध्ये दख्खनने भीषण दुष्काळ पाहिला. उजाड मुलखातून फौज पोसणे अवघड होते.

मग खेळ नशिबाचा होत नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. चांगली चाल पावसाच्या एका सरीने वाया गेली तर खेळाडू वैतागतो. त्यावर उपाय आहे : ऋतू निश्चित ठेवायचा, दिवस अनिश्चित. आर्द्रात पाऊस असणार हे दोन्ही खेळाडूंना ठाऊक असते, उद्या सर येईल का हे कुणालाच नसते. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, फरक तयारीचा असतो. होड्यांवर आधीच पैसा खर्च करायचा, की तोच पैसा जादा घोडदळावर? थांबायचे, की उतार उघडा आहे तोवर पलीकडे जायचे? असे प्रश्न असतील तर हवामान हे नशीब न राहता निर्णय बनते.

याने काय साधते?

असईचा निकाल ‘शौर्य कमी पडले’ किंवा ‘इंग्रज शिस्तीचे होते’ एवढ्यावर संपवला जातो. मराठ्यांचे पायदळ आणि गोलंदाज किती चिवट लढले, हे कंपनीच्या हानीच्या आकड्यांतच दिसते. शिस्त, नेतृत्व आणि मराठा सरदारांतील बेबनाव ही कारणे आहेतच. पण त्यांच्या जोडीला एक कारण केळनेच्या पाण्यातही होते. दख्खनचा पावसाळा ही आपल्या माहितीतली गोष्ट, तिचा लष्करी हिशेब परक्याने मांडला.

जालन्यातला एखादा विद्यार्थी मोबाइलवर ही लढाई तीनदा खेळला, कोरड्या नदीत, उतारावर आणि पुरात, तर ही गोष्ट त्याला पाठ करावी लागणार नाही. ती त्याला नकाशावरच दिसेल.