वैद्यकीय रजा एक, कायदे अनेक : आजारी कर्मचाऱ्याचा हक्क कशावर ठरतो?

नवी दिल्ली : कर्मचारी आजारी पडला की रजेचा अर्ज एकच असतो, मात्र रजेच्या काळात पैसे कोण देणार, रजा किती दिवस मिळणार आणि नोकरी टिकणार काय, या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 केंद्रीय कायद्यांची जागा चार श्रम संहितांनी घेतली. तरीही राज्यांचे दुकाने व आस्थापना कायदे स्वतंत्रपणे लागू आहेत. त्यामुळे कर्मचाऱ्याचा हक्क मुख्यतः तीन बाबींवर ठरतो.

पहिली बाब वेतनाची. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, म्हणजेच ईएसआयच्या कक्षेत येतात. सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान 78 दिवसांचे अंशदान भरलेले असल्यास आजारपणात सरासरी दैनिक वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षात कमाल 91 दिवस मिळते. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या 34 दीर्घकालीन आजारांत, पुरेशी सेवा व अंशदान असल्यास, 80 टक्के लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो.

दुसरी बाब कामाच्या ठिकाणाची. दिल्लीच्या कायद्यात आजारपण किंवा नैमित्तिक कारणासाठी वर्षाला 12 दिवसांची सवेतन रजा आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात आठ नैमित्तिक रजा आहेत. आजारपणाची वेगळी रजा नाही. त्यामुळे दोन्हीकडे कार्यालये असलेल्या कंपनीला एकच किमान नियम गृहीत धरता येत नाही.

तिसरी बाब कारणाची. कामावर अपघात होऊन तात्पुरते अपंगत्व आल्यास ईएसआयकडून 90 टक्के लाभ मिळतो आणि त्यासाठी किमान अंशदानाची अट नसते. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची, तर गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी कमाल एक महिन्याची सवेतन रजा मातृत्व लाभाच्या तरतुदींनुसार मिळते.

दोन हक्क एकाच दिवसावर येतात तेव्हा खरा गोंधळ होतो. ज्या दिवसाचे वेतन सवेतन रजेतून मिळाले, त्या दिवसाचा आजारपण लाभ सर्वसाधारणपणे ईएसआयकडून मिळत नाही. परिणामी, मनुष्यबळ विभागाने आजारपणाचे सर्व दिवस आपोआप अर्जित रजेत टाकले, तर कर्मचाऱ्याची साठवलेली रजा संपते आणि विम्याचा लाभही हातून जातो. रजेची नोंद करण्यापूर्वी वैद्यकीय प्रमाणपत्रावरील तारखा तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पैसे मिळणे आणि नोकरी टिकणे हेही वेगळे प्रश्न आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही. त्यास समान वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर सामावून घ्यावे लागते. या कलमातील हे संरक्षण खासगी आस्थापनांना लागू नाही.

सर्वाधिक अनिश्चितता 21,000 रुपयांहून थोडे अधिक वेतन घेणाऱ्यांच्या वाट्याला येते. मात्र अंशदान कालावधीच्या मध्येच पगारवाढ झाली, तर तो कालावधी संपेपर्यंत विमा संरक्षण कायम राहते. त्यानंतर दीर्घ आजारात नियुक्तिपत्र, कंपनीचे रजा धोरण आणि राज्याचा कायदा हेच प्रमुख आधार उरतात. त्यामुळे ही कागदपत्रे नोकरी स्वीकारतानाच वाचलेली बरी.